गाडीत आणि प्रवासात ऐकायला म्युझिक प्लेअर घ्यायचाय? मग आधी खाली जाऊन गाडीत बसा

कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना मलकापूर मागे पडलं आणि आंब्याच्या घाटाला लागलो की फोनची रेंज ये-जा करायला लागते, आणि नेमकं तेव्हाच मागच्या सीटवरून अण्णा म्हणतात, "अरे ते मघाचं नाट्यगीत परत लाव की." मी म्हटलं, अण्णा रेंज गेलीय. तर म्हणाले, "रेंज गेली तर गेली, गाणं कुठं गेलं? आत्ता तर वाजत होतं." आता यावर काय बोलणार, बरोबरच होतं त्यांचं. गाणं आपलं नव्हतंच, ॲपचं होतं, आणि स्क्रीनवर ते गोल गोल फिरत बसलं ते साखरपा येईपर्यंत.

तेव्हापासून चारपाच वर्षांत मी पेनड्राईव्ह, जुना फोन, बोटाएवढा क्लिप प्लेअर, एफएम ट्रान्समीटर असं सगळं वापरून झालंय, काही पैसे वायाही घालवलेत. आता ओळखीत कुणाला घ्यायचा असला की मला फोन येतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

बहुतेक लोक सुरुवातच उलट्या बाजूने करतात, म्हणजे आधी प्लेअर बघतात, त्याचा आवाज कसा, मेमरी किती, रिव्ह्यू काय म्हणतात, आणि घरी आणल्यावर कळतं की हा गाडीला जोडायचाच कसा. तर कुठलीही शॉपिंग साईट उघडायच्या आधी खाली पार्किंगमध्ये जा, गाडीत बसा आणि डॅशबोर्डवर कुठली कुठली भोकं आहेत ते बघा. युएसबी आहे का, ३.५ एमएमचं ऑक्स, म्हणजे हेडफोनची पिन बसते तसलं गोल भोक आहे का, ब्लूटूथ आहे का, की नुसता रेडिओ. युएसबी दिसलं म्हणून लगेच खुश होऊ नका, काही गाड्यांत एक युएसबी फक्त चार्जिंगचं असतं आणि गाणी वाचणारं दुसरं असतं, कधी कप्प्याच्या आत लपलेलं. घरातला कुठलाही पेनड्राईव्ह, त्यात दोन गाणी टाकून, खोचून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ब्लूटूथचंही तसंच, थोड्या जुन्या गाड्यांत ब्लूटूथवर फोन घेता येतो पण गाणी वाजत नाहीत, कारण कॉलची सोय वेगळी आणि म्युझिकची वेगळी असते, तर तेही फोन जोडून बघूनच घ्या.

गाणी वाचणारं युएसबी निघालं तर खरं सांगू का, तुम्हाला गाडीसाठी प्लेअर नकोच आहे. पेनड्राईव्ह घ्या आणि विषय संपवा. त्याला बॅटरी नाही, चार्जिंग नाही, पेअरिंग नाही, गाडी चालू केली की जिथे थांबलं होतं तिथून बहुतेक स्टिरिओ पुढे वाजवायला लागतात. फक्त लांबडा पेनड्राईव्ह घेऊ नका, गिअरजवळ असला की गुडघा नाहीतर पाण्याची बाटली लागून एक दिवस सॉकेटच ढिलं होतं, नखाएवढे छोटे मिळतात ते घ्या.

पेनड्राईव्हवाल्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की कॉम्प्युटरवर चालतो पण गाडीत "नो फाईल" येतं. शंभरात नव्वद वेळा भानगड फॉरमॅटची असते, म्हणजे पेनड्राईव्हवर फाईली मांडून ठेवायच्या पद्धतीची. बऱ्याच कार स्टिरिओंना फॅट३२ एवढंच कळतं, आणि दुकानातून आणलेला ६४ जीबीचा पेनड्राईव्ह सहसा एक्सफॅटमध्ये येतो. विंडोजमध्ये राईट क्लिक करून फॉरमॅट केलं तर फॅट३२ चा पर्याय ३२ जीबीपर्यंतच दिसतो, म्हणून उगाच डोकं न लावता ३२ जीबीचाच घ्यावा असं माझं मत. पुरतो का म्हणाल तर हिशोब बघा, ३२० केबीपीएसचं एमपीथ्री म्हणजे पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी, म्हणजे ३२ जीबीत अडीच हजारांच्या वर गाणी, दोनशे तासांहून जास्त. कोल्हापूर ते काश्मीर जाऊन परत या, एकही गाणं रिपीट होणार नाही. (होईल, कारण मुलं तेच तेच लावायला सांगतात, पण तो पेनड्राईव्हचा दोष नाही.)

दुसरी गोष्ट, गाण्यांचा क्रम. तुम्ही कॉम्प्युटरवर एबीसीडीप्रमाणे बघता पण कित्येक स्टिरिओ ज्या क्रमाने फाईली कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात, म्हणून मधेच नंतर टाकलेलं गाणं सगळ्यात शेवटी जातं. उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा, पेनड्राईव्ह पूर्ण साफ करा आणि फोल्डर एकेक करून हव्या त्या क्रमाने कॉपी करा, फाईलच्या नावाआधी ००१, ००२ असे आकडे टाका. आणि एका फोल्डरमध्ये हजार गाणी कोंबू नका, बऱ्याच स्टिरिओंची मर्यादा एका फोल्डरला २५५ फाईलची असते, पुढची त्यांना दिसतच नाहीत.

तिसरं म्हणजे मराठी नावं. फाईलचं नाव देवनागरीत ठेवलं की जुन्या स्टिरिओवर नुसते चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं येतात, कारण त्यात आपला फॉन्टच नसतो. नावं इंग्रजी अक्षरात ठेवा. त्यानेही चौकोन गेले नाहीत तर फाईलच्या पोटात जे टॅग असतात, गायक, अल्बम वगैरे, ते एमपीथ्रीटॅग नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने एकदम बदलता येतात, आणि सेटिंगमध्ये टॅगचं व्हर्जन २.३ ठेवा, २.४ काही जुन्या स्टिरिओंना पचत नाही.

आता युएसबी नाही पण ऑक्स आहे, २०१० च्या आसपासच्या गाड्यांत हे बरंच दिसतं. इथे मात्र प्लेअर घ्यायला अर्थ आहे, आणि कुठलाही हेडफोनचं भोक असलेला प्लेअर चालतो, एक वायर टाकली की झालं. प्लेअरचा आवाज ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवून बाकीचा कमी-जास्त स्टिरिओवर करा, प्लेअर हळू ठेवून स्टिरिओ फुल केला तर खरखर वाढते. ऑक्सची खरी कटकट वेगळीच आहे. प्लेअर गाडीच्या चार्जरवर लावला आणि ऑक्सनेही जोडला की कूंऽऽ असा बारीक आवाज येतो आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबाल तसा तो चढत जातो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा टर्बो गेला की काय म्हणून गॅरेजला नेली गाडी, मेकॅनिकने नुसती चार्जिंगची वायर काढली आणि आवाज बंद, हसत होता माझ्याकडे बघून, आणि माझ्या पेट्रोल हॅचबॅकला टर्बो नाहीच हे पण त्यानेच सांगितलं. तर हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज तयार करणाऱ्या भागाचा आवाज असतो, चार्जर आणि ऑक्स दोन्हीकडून अर्थिंग जुळून एक चक्कर तयार होते आणि त्यातून तो स्पीकरमध्ये घुसतो. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून एक छोटी डबी मिळते, ऑक्सच्या वायरमध्ये मधे लावायची, पाचशेच्या आत येते. किंवा सरळ असा प्लेअर घ्या ज्याची बॅटरी दिवसभर जाते, म्हणजे गाडीत चार्जच करायला नको.

ब्लूटूथवाल्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा की ब्लूटूथमध्ये एक पाठवणारा लागतो आणि एक घेणारा. कारचा स्टिरिओ घेणारा असतो. म्हणून "ब्लूटूथ आहे" एवढं बॉक्सवर वाचून घेतलेली वस्तू कारला जोडली जाईलच असं नाही. ब्लूटूथ स्पीकर हाही घेणाराच, दोन घेणारे एकमेकांकडे बघत बसतात. साध्या प्लेअरचं ब्लूटूथ बहुतेक पाठवणारं असतं, हेडफोनसाठी, पण काही स्टिरिओ जोडताना कोड मागतात आणि स्वस्तातल्या प्लेअरवर तो टाकायची सोयच नसते. हे आधी कळायला मार्ग नाही, त्यामुळे परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि आल्याच्या दिवशी गाडीत जोडून बघा, पुढच्या रविवारी बघू म्हणालात की मुदत संपते. एलडॅक, एपीटीएक्स असली नावं दिसली तर त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, ते कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धती, आणि तो कोडेक समोरच्या स्टिरिओलाही यावा लागतो, नाहीतर साध्या एसबीसीवरच वाजतं.

नुसता रेडिओ असेल तर एफएम ट्रान्समीटर, तो सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो आणि छोटं रेडिओ स्टेशन असल्यासारखा गाणी गाडीच्या रेडिओला पाठवतो. गावाकडच्या रस्त्यावर मस्त चालतो. पण मोठ्या शहरात डोकं उठतं. पुण्यात ९१.१, ९८.३, आकाशवाणीचं १०१, मुंबईत तर ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ अशी रांगच लागलीय, मोकळी जागा शोधून पुण्यात एक फ्रिक्वेन्सी लावली की लोणावळा ओलांडल्यावर तिथे भलतंच कोणीतरी बोलायला लागतं आणि एक्सप्रेसवेवर बटणं दाबत बसावं लागतं. मी तो सहा महिन्यांत भाच्याला देऊन टाकला. त्यापेक्षा साधा युएसबीवाला स्टिरिओच बसवून घेतला तर दर वेळची कटकट वाचते.

बरं, समजा प्लेअरच घ्यायचाय, गाडीत ऑक्स आहे किंवा ट्रेनचा, एसटीचा प्रवास जास्त आहे. तर माझी पहिली परीक्षा अशी, प्लेअर खिशात ठेवा, हात खिशात घाला, आणि न बघता पुढचं गाणं लावून दाखवा. जमलं तर पुढे बघू. टचस्क्रीनवाला दिसायला छान असतो पण चालवताना पुढचं गाणं लावायला तुम्ही रस्त्यावरून नजर काढता, आणि गाडी चालवताना हातात डिव्हाईस धरून खेळणं दंडाचं काम आहे ते वेगळंच. उठाव असलेली खरी बटणं पाहिजेत, प्ले, पुढे, मागे, आवाज, बस.

दुसरी परीक्षा, बंद करून चालू केल्यावर तिथूनच सुरू होतो का. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्यांना याचं काही वाटणार नाही, पण तुम्ही कीर्तन, कथाकथन किंवा पाऊण तासाचा ख्याल ऐकत असाल आणि चहाला थांबून आल्यावर पहिल्यापासून आलाप सुरू झाला तर दोनदा सहन कराल, तिसऱ्यांदा प्लेअर खिडकीतून जाईल. याच्याच जोडीला गॅपलेस म्हणून एक असतं. मैफिलीच्या सीडीत विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक केलेले असतात पण गाणं मधे थांबलेलं नसतं, आणि स्वस्त प्लेअर दोन ट्रॅकच्या मधे अर्धा सेकंद गप्प होतो. नेमका समेवर. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी हे दुकानातच वाजवून बघावं.

मेमरी कार्डची जागा पाहिजेच, म्हणजे बिल्ट-इन मेमरी ८ जीबी असली तरी चालतं. चार्जिंग टाईप-सी बघा, फोनचीच वायर चालते, जुन्या मायक्रोवाल्यासाठी वेगळी वायर न्यायची आणि तीच घरी राहते. बॅटरी, छोट्या क्लिप प्लेअरची १५-२० तास सहज जाते, अँड्रॉइडवाल्यांची त्याच्या निम्मीही भरत नाही कधीकधी.

आवाजाच्या क्वालिटीबद्दल मी मुद्दाम उशिरा बोलतोय. हाय-रेस, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असले आकडे वाचून आपल्याला वाटतं की हेच घ्यावं. शांत खोलीत चांगल्या हेडफोनवर काय फरक कळायचा तो कळू दे, पण महामार्गाचं काम चाललेलं, एसी तीनवर, मागे पोरं भांडतायत, शेजारून ट्रक जातोय, त्यात फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळता साठवलेली मोठी फाईल) आणि ३२० चं एमपीथ्री ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. फ्लॅकचं एक गाणं पंचवीस-तीस एमबी घेतं आणि जुने स्टिरिओ ते वाजवतही नाहीत. प्रवासासाठी एमपीथ्री घ्या आणि वाचलेले पैसे गाडीच्या दाराच्या स्पीकरवर घाला, फरक तिथे ऐकू येतो.

खरा त्रास होतो तो आवाजाच्या लेव्हलचा. जुन्या रेकॉर्डिंगचं भावगीत हळू म्हणून तुम्ही आवाज वाढवता आणि पुढचं नवीन सिनेमाचं गाणं असं आदळतं की आई दचकून उठते. एमपीथ्रीगेन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जुनं आहे, दिसायला यथातथाच, पण सगळी गाणी एका पातळीवर आणून ठेवतं, ते ८९ डेसिबल धरतं, बदलायची गरज नाही. एका रात्रीत हजार गाणी होतात, लावून झोपून जा.

आयपॉडबद्दल लोक विचारतात. २००१ ला पहिला आला, २०२२ च्या मे महिन्यात ॲपलने शेवटचाही बंद केला, म्हणजे आता जो मिळेल तो जुनाच, बॅटरी थकलेली. शिवाय नुसती फाईल ओढून टाकली असं चालत नाही, कॉम्प्युटरवरून सिंक करत बसायचं. आठवण म्हणून घ्यायचा तर घ्या. सोनीचा वॉकमन, तो १९७९ चा कॅसेटवाला नाही, हल्लीचा महागातला, तो अँड्रॉइडवर चालतो, म्हणजे थोडक्यात सिमशिवायचा फोनच, आवाजाला उत्तम, पण गाडीसाठी एवढे पैसे घालवायला माझं मन होत नाही.

कारण सिमशिवायचा फोन आपल्या प्रत्येकाच्या कपाटात पडलेला असतोच. स्क्रीनला तडा गेलेला चालतो. सिम काढा, नको ते सगळं डिलीट करा, एअरप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू ठेवा, व्हीएलसी हे गाणी वाजवायचं ॲप टाका, मेमरी कार्डवर गाणी भरा. ना कुणाचा फोन, ना व्हॉट्सॲप, आणि बॅटरी दुप्पट जाते. फक्त त्यात स्ट्रीमिंग ॲपची डाऊनलोड केलेली गाणी आहेत यावर विसंबू नका. ती गाणी त्या ॲपच्या बाहेर कुठेच वाजत नाहीत, पेनड्राईव्हवर घेता येत नाहीत, आणि काही दिवसांनी ॲपला नेट दाखवावं लागतं, स्पॉटिफायमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. घरातल्या जुन्या सीडी असतील तर त्या आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, सीडी ड्राईव्ह असलेला कॉम्प्युटर मिळतोय तोवर.

घरच्या मोठ्यांसाठी विचारणारेही बरेच असतात. अण्णांना आम्ही सारेगामाचा कारवां दिला होता, २०१७ ला आला तो, पाच हजार गाणी आतच भरलेली. त्यांना तो फार आवडतो कारण एक चक्र फिरवलं की काम झालं. पण गाडीत तो उपयोगाचा नाही, स्वतःच्या स्पीकरवर वाजतो आणि इंजिनाच्या आवाजात बुडतो, त्याचं ब्लूटूथही फोनवरून गाणं घ्यायचं. मुक्कामी पोचल्यावर अंगणात लावायला मात्र त्याच्यासारखं काही नाही, आणि त्याला मागे युएसबी आहे, गाडीतलाच पेनड्राईव्ह काढून त्याला लावता येतो. म्हणजे रस्त्यात अर्धवट राहिलेलं नाट्यगीत अंगणात पुरं होतं.

ट्रेनचं थोडं वेगळं. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना माहितीये, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि त्याच्या आधी-नंतर बोगदेच बोगदे, त्यात स्ट्रीमिंग म्हणजे विनोद. इथे क्लिप प्लेअर आणि वायरचा इअरफोन ही जोडी मला सगळ्यात बरी वाटते. वायरलेसचे दाणे वरच्या बर्थवरून एकदा खाली घरंगळले की सकाळी कुणाच्या चपलेखाली सापडतात, आणि रात्रभर फोनवर गाणी ऐकली तर पहाटे उतरताना घ्यायला आलेल्या माणसाला फोन लावायला बॅटरी उरत नाही. स्पीकरवर मात्र लावू नका, रात्री दहानंतर रेल्वेत तसंही चालत नाही.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात वर्ध्याला लग्नाला गेलो होतो, बाहेर पंचेचाळीस, गाडी उन्हात, आणि प्लेअर डॅशबोर्डवर विसरलो. चार तासांनी आलो तर त्याची पाठ उचललेली, पापड फुगतो तशी. लिथियमची बॅटरी फुगली की तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्ज तर अजिबात करायचं नाही, सरळ बॅटरी आणि ई-कचरा घेतात तिथे देऊन टाकायची. तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या प्लेअर चार्जिंगला लावणं हेही वाईट, आधी एसीने गाडी गार होऊ द्या. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी तर पेनड्राईव्हच वापरावा असं मी म्हणेन, त्यात फुगायला काही नाही.

आणि मेमरी कार्ड किंवा पेनड्राईव्ह घेताना फार स्वस्त दिसला तर हात आखडता घ्या. मी एकदा रस्त्यावरच्या स्टॉलवरून ६४ जीबीचं कार्ड घेतलं, कॉम्प्युटरही ६४ च दाखवत होता, गाणीही सगळी कॉपी झाली, आणि गाडीत सातआठशे गाण्यांच्या पुढे नुसता टक् टक् आवाज. आत मेमरी ८ जीबीचीच होती, बाहेरून आकडा खोटा लिहिलेला. एचटूटेस्टडब्ल्यू म्हणून फुकट टूल आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, वेळ लागतो पण खरं खोटं कळतं. गाणी भरायच्या आधी चालवा, नंतर नाही, कारण ते टूल रिकाम्या कार्डावरच नीट तपासतं.

सगळं जमलं की त्याच पेनड्राईव्हची एक कॉपी करून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा. सर्व्हिसिंगहून गाडी आली की पेनड्राईव्ह जागेवर नसतो हा अनुभव माझा दोनदाचा आहे, आणि दोन्ही वेळा पुढच्याच दिवशी अण्णांना कुठेतरी जायचं होतं.